बॅकपोर्ट म्हणजे काय? जुन्या सिस्टिमवर नवं सॉफ्टवेअर बसवायची गोष्ट

आधी खिशातला फोन काढा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि 'अँड्रॉइड व्हर्जन'वर टॅप करा. कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असेल, पण तीन गोष्टी सापडतील: अँड्रॉइडचं व्हर्जन, सिक्युरिटी अपडेटची तारीख आणि कर्नल व्हर्जन. समजा तुमचा कर्नल ५.१० ने सुरू होतोय. लिनक्स कर्नल ५.१० डिसेंबर २०२० मध्ये आला. मग सिक्युरिटी अपडेटची तारीख त्याच्या कितीतरी नंतरची कशी? जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवी दुरुस्ती आली कुठून?

याचं उत्तर म्हणजे बॅकपोर्ट. पुढच्या व्हर्जनमध्ये झालेलं काम मागे आणून जुन्या व्हर्जनवर बसवणं, इतकाच त्याचा अर्थ. कर्नलच्या नंबरातला तिसरा आकडा बघा. ५.१०.१९८ असं काही असेल तर ५.१० आल्यानंतर दुरुस्त्यांचे १९८ हप्ते त्यात येऊन गेलेत. या दुरुस्त्यांना एक कडक नियम आहे: दुरुस्ती आधी लिनसच्या मुख्य कर्नलमध्ये गेलेली पाहिजे, मगच ती जुन्यात येते. उलटं चालत नाही. जुन्यात दुरुस्त केलं आणि नव्यात विसरलं, तर फोन अपग्रेड केल्यावर तोच बग परत भेटेल ना!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण फोनचे कर्नल बनवत नाही. आमची टीम सर्व्हर सांभाळते आणि त्या सर्व्हरवर डेबियन नावाची लिनक्स डिस्ट्रो आहे. तिथे एका छोट्याशा पॅकेजचा बॅकपोर्ट मला स्वतः करावा लागला. दोन दिवसांचं काम वाटलं होतं. ते दीड वर्ष माझ्या मानेवर होतं. बॅकपोर्ट समजावायला मला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही, म्हणून तेच सांगते.

एक शब्द, दोन अर्थ

डिस्ट्रोच्या जगात बॅकपोर्ट हा शब्द दोन वेगळ्या कामांना वापरतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं काम: प्रोग्रॅम जुनाच ठेवायचा, फक्त एक दुरुस्ती नव्या व्हर्जनमधून उचलून त्याला लावायची. सुरक्षेचे अपडेट बहुतेक असेच येतात. घराला नवा रंग नाही, नवी फरशी नाही, फक्त तुटलेली कडी बदलली.

दुसरं काम: अख्खा नवा प्रोग्रॅमच आणायचा, पण जुन्या सिस्टिमवर चालेल असा पुन्हा बांधून. डेबियनमध्ये 'बॅकपोर्ट्स' नावाचा जो वेगळा विभाग आहे, तो या दुसऱ्या प्रकारचा.

डेबियनला हे का लागतं? कारण तिची 'स्टेबल' शाखा साधारण दोन वर्षांनी एकदाच नवी होते. डेबियन १२, टोपणनाव बुकवर्म, जून २०२३ मध्ये आली. डेबियन १३, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये. (ही सगळी नावं टॉय स्टोरी सिनेमातल्या पात्रांची आहेत. रोज नवं सामान येऊन पडतं त्या 'अनस्टेबल' शाखेचं नाव सिड, म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.) मधल्या दोन वर्षांत स्टेबलमधल्या पॅकेजांची व्हर्जन जवळपास गोठलेली असतात. सर्व्हर चालवणाऱ्याला हे सुख आहे, कारण रात्रीतून काही बदलत नाही. पण एखाद्या प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन खरोखर हवं असेल तेव्हा तेच सुख नडतं.

व्हर्जन नंबर बघून निष्कर्ष काढू नका

पहिल्या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हार्टब्लीडचं. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधला हा बग जाहीर झाला. मी तेव्हा अकरावीत होते आणि ओपनएसएसएल हे नावही ऐकलं नव्हतं. वेबसाइटच्या पत्त्याआधी जे कुलूप दिसायचं, त्यामागचं गणित कितीतरी सर्व्हरवर हीच लायब्ररी करत होती. या बगमुळे बाहेरचा कुणीही सर्व्हरच्या मेमरीचे तुकडे वाचू शकत होता, आणि त्या तुकड्यांत पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्याही सापडू शकत होत्या. ओपनएसएसएलवाल्यांनी दुरुस्त व्हर्जन काढलं: १.०.१जी.

आता त्या वेळच्या डेबियन ७ वर अपडेट केल्यावर व्हर्जन काय दिसत होतं? १.०.१ई. म्हणजे 'जी'च्या आधीचं! अपडेट करूनही आपण असुरक्षितच राहिलो, असं कुणालाही वाटेल. पण पॅकेजचा पूर्ण नंबर होता १.०.१ई-२+डेब७यू५. शेवटचं 'डेब७यू५' म्हणजे डेबियन ७ साठीची पाचवी दुरुस्ती, आणि हार्टब्लीडचा इलाज तिच्यातच होता. प्रोग्रॅम 'ई'च राहिला, भोक मात्र बुजलं.

आजही सुरक्षा तपासणारी काही टूल्स फक्त पुढचा नंबर वाचून 'तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे' असा लालभडक रिपोर्ट देतात. ऑफिसात असा रिपोर्ट आला की आधी डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर त्या पॅकेजचं पान उघडायचं. कोणत्या शाखेत कोणता बग बुजवलाय ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. फोनचंही असंच आहे. मित्राकडे अँड्रॉइड १५ आणि तुमच्याकडे १३, एवढ्यावरून त्याचा फोन जास्त सुरक्षित ठरत नाही. आधी दोघांच्या पॅचची तारीख बघा.

आमच्या ऑर्डर नंबरांची भानगड

आता माझी गोष्ट. जेक्यू नावाचं एक छोटं टूल आहे. जेसन फाइलमधून हवा तो भाग काढायला ते वापरतात. तुमच्या फोनमधली कितीतरी ॲप सर्व्हरशी जेसनमध्येच बोलतात, आणि ते जेसन चाळायला आम्ही दिवसभर जेक्यू चालवतो. बुकवर्ममध्ये जेक्यू १.६ होतं. ते व्हर्जन २०१८ चं.

आमच्याकडे ऑर्डरचा नंबर १९ आकडी होता. मी एक स्क्रिप्ट लिहिली होती: रिफंडची यादी घ्यायची, जेक्यूने ऑर्डर नंबर काढायचे, सपोर्ट टीमला पाठवायचे. एक दिवस सपोर्टमधून फोन आला की यादीतल्या कित्येक ऑर्डर सिस्टिममध्ये सापडतच नाहीत. एका ग्राहकाला तर दोनदा 'तुमची ऑर्डर आमच्याकडे नाही' असं कळवून झालं होतं. त्या माणसाचे पैसे अडकलेले आणि आपण त्यालाच खोटं पाडतोय! यादी उघडून बघितली तर सगळे नंबर दोन शून्यांनी संपत होते.

कारण सोपं आहे, पण माहीत नसेल तर डोकं फिरतं. जेक्यू १.६ प्रत्येक संख्या 'डबल' या प्रकारात ठेवतं. डबलमध्ये २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक नेमके बसतात. त्याच्या पुढे फटी पडायला लागतात आणि १९ आकड्यांपर्यंत त्या शेकड्यांत जातात. १२३४५६७८९०१२३४५६७८९ हा नंबर जेक्यू १.६ मधून नुसता आत-बाहेर केला तरी १२३४५६७८९०१२३४५६८०० होऊन येतो. एरर नाही, इशारा नाही, काही नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जेक्यू १.७ ने हे सुधारलं. संख्येला हात लावला नाही तर ती जशी लिहिली होती तशीच बाहेर येते. (बेरीज केलीत तर पुन्हा डबल, पुन्हा तीच भानगड. ऑर्डर नंबरात कुणी बेरीज करत नाही म्हणून आमचं भागलं. खरं तर असे नंबर जेसनमध्ये अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणूनच पाठवायला हवेत. पण ती सिस्टिम आमची नव्हती.)

म्हणजे आम्हाला बुकवर्मवर जेक्यू १.७ हवं होतं. दुसऱ्या प्रकारचा बॅकपोर्ट.

तयार पॅकेज उचलून का चालत नाही

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तोच माझ्याही आला. डेबियनच्या 'टेस्टिंग' शाखेत १.७.१ तयार आहे, तीच फाइल डाउनलोड करून टाकू. इन्स्टॉल करायला गेले तर एपीटीने सरळ नकार दिला: ग्लिबसी यापेक्षा नवी हवी. ग्लिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक सगळ्या प्रोग्रॅमांच्या पायातली लायब्ररी. बुकवर्ममध्ये ती २.३६ आहे. टेस्टिंगमधलं पॅकेज त्याहून नव्या ग्लिबसीवर बांधलेलं, म्हणून ते तीच मागणार.

काही जण इथे टेस्टिंगची ग्लिबसीच ओढून आणतात. एकदा तो पाया बदलला की त्याच्यामागे इतर पॅकेजही यायला लागतात आणि सिस्टिम ना स्टेबल राहते ना टेस्टिंग. डेबियनवाल्यांनी या प्रकाराला फ्रँकनडेबियन असं नाव ठेवलंय.

बरोबर रस्ता असा: तयार फाइल नको, सोर्स पॅकेज घ्यायचं आणि ते बुकवर्मच्या आत पुन्हा बांधायचं, म्हणजे ते बुकवर्मच्याच ग्लिबसीशी जोडलं जातं. मी सोर्स आणलं, माझ्या लॅपटॉपवर बांधलं, सर्व्हरवर टाकलं आणि पुन्हा तोच नकार! माझ्या लॅपटॉपवर टेस्टिंग होतं हे मी विसरले होते.

म्हणून पॅकेज नेहमी कोऱ्या खोलीत बांधतात. एसबिल्ड किंवा पीबिल्डर ही टूल्स एक स्वच्छ, छोटं बुकवर्म उभं करतात, पॅकेजने अधिकृतपणे मागितलेल्या गोष्टीच त्यात टाकतात, आत बांधतात आणि खोली पुसून टाकतात. आपल्या मशीनवर सहज पडलेली एखादी लायब्ररी चुकून वापरली जाण्याचा प्रश्नच येत नाही. जेक्यूचं नशीब चांगलं. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी त्याला ओनिगुरुमा लायब्ररी लागते, आणि बुकवर्ममधली चालली. मोठ्या पॅकेजांना ज्या लायब्ररी लागतात त्याही जुन्या पडतात. मग आधी त्यांचा बॅकपोर्ट, त्यांच्या लायब्ररींचा बॅकपोर्ट... तिथे लोक सोडून देतात, आणि बरोबर करतात.

टिल्डची करामत

बांधण्याआधी पॅकेजला नंबर द्यावा लागतो. मूळ पॅकेज होतं १.७.१-३. बॅकपोर्टचा नंबर होतो १.७.१-३~बीपीओ१२+१. (प्रत्यक्षात हे सगळं रोमन लिपीत टाइप करायचं. डीसीएच नावाच्या टूलला बीपीओ हा पर्याय दिला की नंबर आपोआप पडतो.)

यातलं ~ हे चिन्ह, टिल्ड, फार महत्त्वाचं. डेबियनच्या नियमात टिल्ड काहीच नसण्यापेक्षाही लहान धरतात. म्हणजे १.७.१-३~बीपीओ१२+१ हा नंबर नुसत्या १.७.१-३ पेक्षा लहान ठरतो. म्हणून तुम्ही बॅकपोर्ट वापरत असाल आणि पुढे सिस्टिम नव्या डेबियनवर नेलीत, तर तिथलं खरं पॅकेज 'मोठं' ठरून बॅकपोर्टची जागा घेतं. टिल्डऐवजी अधिक चिन्ह टाकलं असतं तर माझंच पॅकेज मोठं ठरलं असतं आणि नव्या सिस्टिमवरही जुनंच अडून बसलं असतं.

नंबरांचा खेळ उलटाही करावा लागतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम पेरलेली चोरवाट सापडली. एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याच्या मागे लागलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांना ती दिसली, आणि तीही डेबियन सिडवर. डेबियन स्टेबलमध्ये ते व्हर्जन पोचलंच नव्हतं. पण सिडमधल्या लोकांना जुन्या चांगल्या व्हर्जनवर परत कसं न्यायचं? अपडेट म्हणजे नंबर पुढेच जायला हवा. म्हणून पॅकेजचा नंबर ठेवला ५.६.१+रियली५.४.५-१. वरून ५.६.१, आतून ५.४.५! मला हा नंबर अजूनही फार आवडतो.

माझ्या नंबरावर आमच्या टीममधल्या दादाने एक चूक काढली. सगळे त्याला दादाच म्हणतात. तो म्हणाला, "अगं, बीपीओ१२+१ हा अधिकृत बॅकपोर्टचा शिक्का आहे. उद्या डेबियनने खरंच हे पॅकेज काढलं तर दोन वेगळ्या फाइलींना एकच नंबर होईल." मी तो +०.१ केला. अशाने आमचा नंबर अधिकृतपेक्षा लहान राहतो आणि खरं पॅकेज आलं तर तेच जिंकतं.

टेस्टिंग: खरा वेळ इथे जातो

पॅकेज बांधायला काही मिनिटं लागली. तपासायला नऊ दिवस लागले.

ठरलेल्या तपासण्या लवकर उरकतात. पॅकेज बांधतानाच जेक्यूच्या स्वतःच्या चाचण्या चालतात. लिंटियन हे टूल पॅकेजमधल्या नियमांच्या चुका दाखवतं. पीयूपार्ट्स नावाचं टूल कोऱ्या सिस्टिमवर पॅकेज टाकतं, अपग्रेड करतं, काढतं आणि मागे काही कचरा राहिला का ते बघतं. सगळं हिरवं आलं.

पण 'प्रोग्रॅम बरोबर चालतो' आणि 'आमच्याकडे बरोबर चालतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या चाळीसेक स्क्रिप्ट जेक्यूवर उभ्या होत्या. मी प्रत्येक स्क्रिप्ट एकाच खऱ्या डेटावर दोनदा चालवली, एकदा १.६ ने, एकदा १.७.१ ने, आणि दोन्हींचं आउटपुट ओळीला ओळ लावून बघितलं. ऑर्डर नंबर दुरुस्त झालेले दिसले, ते हवंच होतं. पण एका स्क्रिप्टमध्ये जवळपास प्रत्येक ओळ बदललेली.

रक्कम! १.६ हे ४९९.५० ला ४९९.५ करून छापत होतं. १.७ मध्ये लिहिलं तसंच बाहेर येतं, म्हणजे ४९९.५०. अर्थ तोच, अक्षरं वेगळी. आणि ती स्क्रिप्ट कालची आणि आजची यादी मजकूर म्हणून ताडून 'रक्कम बदललेल्या ऑर्डर' शोधायची. पहिल्याच रात्री तिने हजारो खोटे इशारे पाठवले असते. आपण ज्या सुधारणेसाठी पॅकेज आणतोय, तीच सुधारणा दुसरीकडे मोडतोड करते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. इतके दिवस तो बग आमच्या कामी येत होता.

दुसरी अडचण माझी नाही, दादाची नजर. सोर्स एकच असलं तरी त्यातून जेक्यू हे टूल आणि लिबजेक्यू१ ही लायब्ररी अशी वेगवेगळी पॅकेज निघतात. लायब्ररी बदलली म्हणजे ती वापरणारे बाकीचे प्रोग्रॅमही तपासणं आलं. एपीटीला उलट विचारता येतं की या पॅकेजवर कोण कोण अवलंबून आहे. आमच्या मशीनवर जेक्यूशिवाय कुणी नव्हतं. सुटले.

तिसरी गोष्ट टेस्टिंगमध्ये सापडलीच नाही. १.७ मध्ये 'इफ' लिहून 'एल्स' गाळलं तरी चालतं. १.६ मध्ये चालत नाही. आम्ही आधी एकाच सर्व्हरवर नवं जेक्यू टाकलं, आठवडाभर बघायचं ठरलं होतं. तेवढ्यात टीममधल्या एका मुलाने त्या सर्व्हरवर एल्सशिवायची स्क्रिप्ट लिहिली, चालली म्हणून सगळीकडे टाकली आणि बाकीच्या मशीनवर ती कोसळली. त्यात त्याची काय चूक? त्या सर्व्हरवर वेगळं जेक्यू आहे हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

लावून झालं म्हणजे संपलं नाही

स्टेबलमधल्या पॅकेजांवर डेबियनच्या सुरक्षा टीमचं लक्ष असतं. बॅकपोर्ट्समधल्या पॅकेजांची हमी ती टीम घेत नाही. ज्याने पॅकेज चढवलं, त्याने ते सांभाळायचं. आणि माझ्यासारखं घरगुती पॅकेज असेल तर सांभाळणारी मीच.

याचा अर्थ किती गंभीर आहे ते जेक्यूच्याच इतिहासात बघा. १.७ ने संख्या जपायला नवा कोड आणला. डिसेंबर २०२३ मध्ये १.७.१ आलं ते त्या नव्या कोडमधल्या दोन सुरक्षा त्रुटी बुजवायला. त्या त्रुटी १.६ मध्ये नव्हत्याच. मी हे काम काही महिने आधी केलं असतं तर १.७ लावलं असतं, आणि 'जुनाट' १.६ वाले माझ्यापेक्षा सुरक्षित राहिले असते.

मग जून २०२५ मध्ये जेक्यू १.८.० आलं आणि त्यात आणखी तीन सुरक्षा दुरुस्त्या होत्या. इथे नंबरांचा खेळ माझ्यावरच उलटला. डेबियनने बुकवर्मच्या १.६ ला पॅच लावून दिला तरी माझ्या सर्व्हरवर तो येणार नव्हता. कारण माझं १.७.१ त्या कुठल्याही १.६ पेक्षा मोठं! एपीटी बिचारं म्हणणार, तुमच्याकडे तर आधीच नवीन आहे. रोज अपडेट चालत होतं, रोज 'सगळं अद्ययावत' असा निरोप येत होता, आणि भोक उघडंच.

म्हणून मला पहिल्या प्रकारचा बॅकपोर्ट करावा लागला: १.८.० मधल्या तेवढ्याच दुरुस्त्या काढून १.७.१ वर लावायच्या. एक पॅच जागेवर बसेना, मधल्या काळात आजूबाजूच्या ओळी बदलल्या होत्या. अशा वेळी हात शिवशिवतात: दोन ओळी इकडे, एक तिकडे, कंपाइल झालं की झालं. मी थांबले, कारण २००८ ची गोष्ट वाचली होती. डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या पॅकेजला एक तपासणी टूल सारखा इशारा द्यायचं, म्हणून २००६ मध्ये कोडच्या ओळी बंद केल्या गेल्या. त्या ओळींतूनच यादृच्छिकता येत होती. मे २००८ मध्ये उघड झालं की तेव्हापासून डेबियनवर बनलेल्या किल्ल्यांमध्ये फरक पडत होता तो फक्त प्रोसेसच्या नंबरामुळे, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६८ शक्य किल्ल्या. जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. प्रोग्रॅम मात्र दीड वर्ष व्यवस्थित चालत होता.

म्हणून मी पॅच बसवण्याआधी तो बग माझ्या मशीनवर मुद्दाम घडवून बघितला. जुन्या पॅकेजवर जेक्यू कोसळलं, नव्यावर कोसळलं नाही, आणि मगच पुढे गेले. ऑगस्टमध्ये ट्रिक्सी आली. तिच्यात जेक्यू १.७.१ च आहे, माझ्यापेक्षा पुढच्या पॅकेज नंबरचं. सर्व्हर अपग्रेड झाले तसं टिल्डने आपलं काम केलं आणि माझं पॅकेज एकेका मशीनवरून निघून गेलं. दादाने विचारलं, "वाईट वाटतंय का?" अजिबात नाही.

तुमच्या लॅपटॉपवर कधी वापरायचं

घरच्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं असेल तर बॅकपोर्टची गरज बहुतेक एकाच कारणाने पडते: लॅपटॉप नवा, स्टेबलचा कर्नल जुना, आणि वायफाय दिसतच नाही. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंगवरून नेट घेतलं आणि बॅकपोर्ट्समधून कर्नल आणि वायफायचं फर्मवेअर, दोन्ही टाकलं. फक्त कर्नल टाकून फर्मवेअर विसरू नका, मी तासभर त्यातच घालवला.

बॅकपोर्ट्सची ओळ सोर्स लिस्टमध्ये घातल्याने आपोआप काही बदलत नाही. त्या विभागाला मुद्दाम कमी प्राधान्य दिलेलं असतं, १००. नेहमीच्या पॅकेजांचं ५००. म्हणून तुम्ही नाव घेऊन मागितलं तरच तिथलं पॅकेज येतं, आणि एकदा घेतलं की त्याचे पुढचे अपडेटही तिथूनच येत राहतात. जेवढं हवं तेवढंच घ्या. कोणत्या पॅकेजसाठी का घेतलं ते कुठेतरी लिहून ठेवा, मी आता फोनच्या नोट्समध्ये ठेवते. आणि पुढच्या डेबियनवर जाताना ती जुनी बॅकपोर्ट्सची ओळ आधी बंद करा.